आधी टाइलखालचा खर्च: डोंबिवलीतल्या एका जुन्या न्हाणीघराचं अंदाजपत्रक

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेतली १९९१ साली बांधलेली इमारत. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या घरात पाच माणसं राहतात: लोकलने नोकरीला जाणारे नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, दहावीतला मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. रचना त्या काळच्या बहुतेक मध्यमवर्गीय इमारतींसारखी. ६ बाय ४ फुटांचं न्हाणीघर, त्याला लागून ४ बाय ३ फुटांचा संडास, मधे विटांची चार इंची भिंत आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. संडास भारतीय पद्धतीचा. टाइल्स पहिल्यापासूनच्या, पांढऱ्या, जेमतेम चार फुटांपर्यंत. नळाचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप भिंतीत गाडलेले.

या कामात अंदाजपत्रक मांडून देणं आणि टप्प्याटप्प्याने तपासणी करणं एवढी माझी भूमिका होती. काम २०२४ च्या दिवाळीनंतर झालं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं घेतलेली नाहीत. रकमा त्या घराच्या, त्या वेळच्या आहेत. दुसऱ्या गावात, दुसऱ्या मजल्यावर त्या बदलतील. कोणत्या खर्चाला आधी जागा द्यायची आणि कोणत्या नंतर, हा क्रम मात्र फारसा बदलत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

अडचण

मार्चमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीला पत्र दिलं. त्यांच्या न्हाणीघराचं छत ओलं होतं, रंगाचे पापुद्रे सुटले होते, एका कोपऱ्यात पांढरे क्षार फुलले होते. पत्र मार्चमधलं, त्यामुळे पावसाच्या गळतीचा प्रश्नच नव्हता. पाणी वरच्या घरातून येत होतं.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याची विभागणी स्पष्ट आहे. बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे किंवा पावसामुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने. त्यामुळे जबाबदारी कुणाची यावर वाद झाला नाही. पाणी नेमकं कुठून येतंय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही घरात टाइल्सची चर्चा सुरू झाली होती. दीड लाखाचा आकडाही ठरला होता, कारण ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं न्हाणीघर तेवढ्यात झालं होतं. सहकाऱ्याची इमारत जेमतेम बारा वर्षांची, लिफ्ट असलेली, आणि तिथे फक्त टाइल्स व नळ बदलले होते. या घराला तो आकडा लागू पडण्याचं काहीच कारण नव्हतं.

म्हणून आधी गळतीचा शोध घेतला. त्याला खर्च जवळजवळ शून्य आला. दोन दिवस न्हाणीघराकडे जाणारा कॉक वापरापुरताच उघडायचा, एरवी बंद, असं केलं. खालचं टपकणं कमी झालं, पण थांबलं नाही. म्हणजे दाबाखालच्या पाइपमधून एक गळती होती आणि शिवाय दुसरी कुठूनतरी. मग न्हाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला, बोळा लावून जमिनीवर दोन इंच रंगीत पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या छतावर फिकट गुलाबी ओल उमटली. दुसरी गळती ट्रॅपच्या सांध्याची किंवा जमिनीची होती.

पहिल्या गळतीचा उलगडा वेगळ्याच तऱ्हेने झाला. संडासातली तोटी हलत होती. हात लावला की भिंतीतून बाहेर आलेला पाइपचा तुकडा अर्धा इंच डुलायचा. प्लंबर म्हणाला, जुनी झाली आहे. दारात उभ्या असलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "उठताना मी तिलाच धरते. गुडघे साथ देत नाहीत आता." सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "आई, कधी बोलला नाहीत?" "सांगून काय, सगळं घर उकरायला लागलं असतं."

तीन-चार वर्षं रोज त्या तोटीवर शरीराचा भार येत होता. भिंतीच्या आतला गंजलेला सांधा त्याने सैल झाला होता. यानंतर कमोड बसवायचा की नाही हा हौसेचा प्रश्न उरला नाही. नवा पाइप घातला आणि संडास तसाच ठेवला, तर आजी नव्या तोटीलाही धरणारच होत्या. आणि एखाद्या दिवशी तोटी हातात आली असती, तर खालच्या छतापेक्षा मोठं नुकसान झालं असतं.

पर्याय

चार पर्याय समोर होते.

पहिला, टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी भरणं आणि वरून रसायन मारणं. सुमारे १८,००० रुपये, तीन दिवसांचं काम. सांध्यांतून पाणी मुरत असेल तर हा उपाय चांगला आहे आणि तो कमी लेखू नये. इथे मात्र पाइप आणि ट्रॅप दोन्ही गळत होते, त्यामुळे तो बाद झाला.

दुसरा, जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवणं. ८५,००० च्या आसपास. राडारोडा नाही, आवाज नाही, आठवड्यात घर मोकळं. जाहिरातींमध्ये हा पर्याय फार आकर्षक दिसतो, आणि दिसण्याचीच अडचण असेल तर तो योग्यही आहे. इथे गळती तशीच झाकली गेली असती. शिवाय जमीन जवळजवळ पाऊण इंच वर आली असती. उंबरा आधीच कमी उंचीचा, त्यामुळे पाणी पॅसेजमध्ये आलं असतं.

तिसरा, दोन्ही खोल्या स्लॅबपर्यंत उकरून पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल्स सगळं नव्याने करणं, पण खोल्या वेगळ्याच ठेवणं.

चौथा, तेच करून मधली भिंत काढून एक मोठं बाथरूम करणं. मुलीला आणि तिच्या वडिलांना हा पर्याय आवडला होता. जागा मोठी दिसली असती, बेसिनही आत आलं असतं. भिंत भार पेलणारी नव्हती, त्यामुळे परवानगी घेऊन ती काढता आली असती आणि खर्चही फार वाढला नसता.

तरी मी त्याला विरोध केला. या घरात सकाळी सव्वासहा ते आठ या वेळात चार माणसं आवरून बाहेर पडतात. एक अंघोळीला गेला की दुसऱ्याला संडास मोकळा असतो, त्यावर त्यांचं घड्याळ चालतं. खोली एक झाली की पावणेदोन तासांचं काम एका कडीमागे अडकतं. आजींना अचानक जायचं झालं तर त्यांनी थांबायचं कुठे? दोन संडास असलेल्या घरात भिंत जरूर काढावी. एकच असलेल्या घरात ती ठेवणं हाच शहाणपणा, असं माझं ठाम मत आहे. दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी सुनेने निर्णय दिला: "भिंत राहू दे. सकाळी रांग नको."

तिसरा पर्याय ठरला.

दरपत्रकं

जून ते सप्टेंबर हे महिने पैसे जमवण्यात आणि दरपत्रकं घेण्यात गेले. दरम्यान संडासातल्या तोटीची लाइन बंद करून तिथे बादली ठेवली होती, त्यामुळे खालचं टपकणं बरंच कमी झालं. आजींसाठी बाजारातून कमोडची खुर्ची आणली. हा तात्पुरता बंदोबस्त झाल्यामुळे घाईने काही ठरवावं लागलं नाही.

तीन दरपत्रकं आली. पहिलं एका ओळीचं: "दोन्ही बाथरूम, मटेरियलसह, १,३५,०००." दुसरं दीड पानाचं: तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर आणि टाइल्स बसवणं मिळून १,२०,०००; टाइल्स, कमोड, नळ, दारं, वीज मालकाकडे. तिसरं एका इंटिरियरवाल्यांचं, ३,१०,०००, सोबत संगणकावर काढलेली सुंदर चित्रं.

तिसरं आवाक्याबाहेर होतं. घरातल्यांचा कल पहिल्याकडे गेला, आणि ते स्वाभाविक होतं. दुसऱ्याच्या १,२०,००० मध्ये सामान मिळवलं की बेरीज दोन लाखांवर जात होती. पहिल्याचं सगळं धरून १,३५,०००. सत्तर हजारांचा फरक सोडवत नाही.

मी पहिल्या कंत्राटदाराला प्रश्नांची यादी पाठवली. खालचा जुना भराव पूर्ण काढणार का? न्हाणी ट्रॅप बदलणार का? नळाचे पाइप सगळे नवे की "लागेल तिथे"? वॉटरप्रूफिंगनंतर किती तास पाणी भरून ठेवणार? राडारोडा खाली कोण उतरवणार? टाइलचा दर किती धरलाय? दारं धरली आहेत का? वीज? त्याने दोन दिवसांनी सुधारित रक्कम दिली: १,९८,०००. तो फसवत होता असं मला वाटत नाही. त्याच्या मनातलं काम आणि या घराला लागणारं काम वेगळं होतं, आणि एका ओळीच्या दरपत्रकात ते कळायला मार्गच नव्हता. दोघांपुढे सारखंच काम मांडल्यावर सत्तर हजारांचा फरक सात हजारांवर आला.

मग दुसरा निवडला. त्याने दोन वर्षांपूर्वी केलेलं एक काम दाखवलं, त्याच्या खालच्या घरात नेऊन छतही दाखवलं, आणि पाणी भरून ठेवण्याची अट लेखी मान्य केली.

अंदाजपत्रक

घरातल्यांनी केलेल्या यादीत टाइल्स पहिल्या होत्या, मग शॉवर, मग आरसा. मी कागदावर रेघ मारून दोन भाग केले: टाइलच्या खालचं आणि टाइलच्या वरचं. खालचे आकडे आधी भरायचे. त्यात काटछाट करायची नाही. उरलेल्या पैशांत वरचं बसवायचं. वरची वस्तू पाच वर्षांनी बदलता येते, नळ तर अर्ध्या तासात बदलतो. खालची वस्तू बदलायची तर पुन्हा सगळं फोडावं लागतं.

टाइलखालचं:
तोडफोड, राडारोडा गोण्यांत भरून उतरवणं, वाहतूक: २२,०००
नळाचे सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारे प्लास्टिकचे) पाइप, सांडपाण्याचे पाइप, ट्रॅप, मजुरीसह: ३२,०००
वॉटरप्रूफिंग, भराव, कोबा: २८,०००
भिंतींचं प्लास्टर: १४,०००
गीझरची स्वतंत्र वायर, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), एक्झॉस्ट: ११,०००
बेरीज: १,०७,०००

टाइलवरचं:
टाइल्स, वाहतूक आणि हमालीसह: १५,०००
बसवण्याची मजुरी, अ‍ॅडहेसिव्ह, सांधे: २४,०००
कमोड, फ्लशची टाकी, बेसिन: १६,०००
नळ, शॉवर, जेट, अँगल कॉक: १८,०००
दोन दारं, ग्रॅनाईटच्या चौकटी: १७,०००
खिडकी, आरसा, आधाराचे दांडे: ८,०००
बेरीज: ९८,०००

एकूण २,०५,०००. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी २३,००० आणि खालच्या काकांच्या छताच्या दुरुस्तीसाठी १२,०००. असे २,४०,०००.

काकांच्या छताची रक्कम अंदाजपत्रकात घालायची की वेळ आल्यावर बघायची, यावर घरात थोडी कुरकुर झाली. मी ती लिहायला लावली. आपल्या पाण्याने बिघडलेलं छत आपणच दुरुस्त करायचं आहे, तर ती रक्कम पहिल्या दिवसापासून कागदावर हवी. आजींच्या मुलाने खाली जाऊन हे सांगितल्यावर काकांचा सूरच बदलला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

पैसे उभे केले ते असे: बचत १,२०,०००, दिवाळीचा बोनस ४५,०००, आणि ७५,००० मुदत ठेवीवरचं कर्ज. ठेव मोडण्याचा विचार होता. पण ती सात महिन्यांत पिकणार होती. मुदतीआधी मोडली तर व्याजात कपात. ठेवीवरच्या कर्जाचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि वापराल तेवढ्याच रकमेवर, तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं. वैयक्तिक कर्जापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं.

टाइल्सचा हिशोब इथे उलगडून दाखवतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. भिंतींना सात फुटांपर्यंत, दारं-खिडक्या वजा करून, साधारण २०० चौरस फूट, जमीन ३६. तुटफूट आणि कापण्यात जाणारं धरून दहा टक्के वाढवलं: २२० आणि ४०. भिंतीची टाइल ५० रुपये फुटाने ११,०००, जमिनीची न घसरणारी ६० ने २,४००, उरलेले १,६०० टेम्पो आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली. मुलीने २ बाय ४ फुटांच्या चकचकीत टाइल्स, छतापर्यंत, पसंत केल्या होत्या. चार बाय तीनच्या खोलीत एवढी मोठी टाइल जागोजागी कापावी लागते आणि निम्मे तुकडे वाया जातात. छतापर्यंत न्यायची तर साधी टाइल धरूनही मजुरीसकट बारा हजारांच्या आसपास वाढले असते. सात फुटांवर पाण्याचे शिंतोडे उडत नाहीत, तिथे रंग पुरतो. मोरबीची साधी १२ बाय १८ इंची टाइल ठरली.

दुकानातली आणखी एक गोष्ट. कमोड आणि नळांचा भाव सांगताना दुकानदाराने "प्लस जीएसटी" हे शब्द अगदी शेवटी, बिल करताना उच्चारले. टाइल्स, सॅनिटरीवेअर, नळ या सगळ्यांवर १८ टक्के कर आहे. ३४,००० च्या बिलात तो पाच हजारांच्या वर असतो. आम्ही कर धरूनच आकडे लिहिले होते, म्हणून निभावलं.

आजींसाठीच्या गोष्टींना एकूण खर्चाच्या मानाने फारच थोडे पैसे लागले, पण त्या आधी ठरवाव्या लागतात. दांडा कुठे बसणार हे त्यांना खुर्चीवर बसवून, उठायला लावून, हात जिथे आपसूक जातो तिथे खडूने खूण करून ठरवलं. तेवढ्या जागी भिंत भरीव आहे ना, हे प्लास्टरपूर्वी पाहिलं. संडासाचं दार बाहेर उघडणारं केलं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. उंबरा अर्धा इंचाचा.

काम

सोसायटीची परवानगी आणि १०,००० ची परत मिळणारी अनामत काम सुरू होण्याआधी द्यावी लागली. अनामत खर्चात येत नाही, पण ते पैसे महिनाभर हातातून जातात. दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद, हा नियम कंत्राटदाराला आधीच सांगितला होता, त्यामुळे दिवसांचा अंदाज त्याने तसा दिला: तीन आठवडे. मिस्त्री दिवाळी आणि छठपूजा करून गावाहून परतल्यावर काम सुरू झालं. आजी बदलापूरला लेकीकडे गेल्या. बाकीच्यांसाठी त्याच मजल्यावरच्या रिकाम्या घराची किल्ली शेजाऱ्यांनी दिली.

कंत्राटदाराला निम्मी रक्कम आगाऊ हवी होती. ठरलं ते असं: सुरुवातीला २४,०००, नवे पाइप दाब देऊन तपासल्यावर ३०,०००, पाणी भरून ठेवण्याची चाचणी पार पडल्यावर ३०,०००, टाइल्स झाल्यावर २४,०००, वापर सुरू होऊन महिना झाल्यावर १२,०००. या सगळ्या कामातला सर्वांत चांगला निर्णय मी हाच मानतो.

पहिल्या आठवड्यात जमीन उकरली. न्हाणीघराचा स्लॅब बाकी घरापेक्षा नऊ इंच खाली असतो आणि ती पोकळी वीटतुकड्यांनी भरलेली असते. तो भराव चिखल होऊन बाहेर आला. सत्तरेक गोण्या जिन्याने उतरवल्या. खाली दोन गोष्टी सापडल्या. संडासाचा मैला नेणारा बिडाचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे तडकलेला होता. आणि एका कोपऱ्यात काँक्रीट सुटून सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून सोललेल्या.

सळया घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने तो भाग भरायचा खर्च ९,०००. मैल्याच्या पाइपचा घरातला भाग ६,५००. बाहेरचा उभा पाइप आणि त्याचा सांधा सामाईक, तो सोसायटीने बदलायचा. सचिव म्हणाले, "तुम्हीच करून घ्या, मग बघू." मी घरातल्यांना लेखी अर्ज, फोटो जोडून, त्याच दिवशी द्यायला सांगितलं. काम तीन दिवस थांबलं, पण बाहेरचा भाग सोसायटीच्या प्लंबरने सोसायटीच्या खर्चाने केला.

त्याच आठवड्यात आजींच्या मुलाने एक उंची डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक) पाहून ठेवला, १४,००० चा. "अनपेक्षितमधले साडेसात हजार उरलेत, बाकी मी घालतो," असं त्याचं म्हणणं. तेव्हा जमीन अजून उघडी होती, पाण्याची चाचणी बाकी होती. अनपेक्षितची रक्कम सापडलेल्या अडचणींसाठी असते, आवडलेल्या वस्तूंसाठी नाही. ही सीमा आम्ही सुरुवातीलाच कागदावर लिहिली होती. सुनेने तो कागदच समोर ठेवला. विषय तिथेच संपला.

वॉटरप्रूफिंग असं झालं: स्लॅब धुऊन, भेगा भरून, पाइपांभोवती कॉलर (मसाल्याचं कडं) करून, सिमेंटयुक्त पॉलिमरचे दोन हात, एक आडवा, एक उभा, भिंतीवर फूटभर चढवून. स्लॅबच्या तळाला एक छोटा पाइप बाहेर काढला, म्हणजे पुढेमागे पाणी मुरलंच तर ते साचणार नाही, बाहेर दिसेल. या पाइपला पाचशे रुपयेही लागत नाहीत, आणि बहुतेक कामांत तो वगळलेला असतो. मग ४८ तास पाणी भरून ठेवायचं.

चोवीस तास झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, काही नाही आता, भराव टाकून घेऊ." खालचे काका सकाळ-संध्याकाळ छताचा फोटो पाठवत होते, सगळे कोरडे. तरी थांबलो. चाळीस तासांच्या सुमारास काकांचा फोटो आला: ट्रॅपच्या जागेखाली रुपयाएवढा ओला डाग. भराव टाकला असता तर तो डाग टाइल्स बसल्यावर, कदाचित वर्षाने, दिसला असता. कॉलर फोडून पुन्हा केली, पुन्हा ४८ तास. पाच दिवस गेले. पैसे एकही रुपया जास्तीचे गेले नाहीत, कारण तिसरा हप्ता या चाचणीवरच अवलंबून होता. काकांनी मनापासून साथ दिली नसती तर ही चाचणी नावापुरतीच झाली असती.

पुढचं काम सरळ गेलं. कमोड आधी विकत आणून, भिंतीपासून त्याच्या निकासाचं अंतर ९ इंच मोजून, मगच पाइप बसवला. टाइल्सची सगळी खोकी एकाच बॅचची, एकाच शेडची घेतली होती. दोन खोकी उरली ती पलंगाखाली ठेवून दिली.

निष्पत्ती

तीन आठवड्यांचं काम जवळजवळ चार आठवड्यांवर गेलं. खर्चाचा ताळेबंद असा. ठरलेल्या कामांमध्ये टाइल्स २,२०० ने आणि नळ १,८०० ने वाढले, दारांमध्ये १,५०० वाचले. २,०५,००० चे २,०७,५०० झाले. अनपेक्षितमधून सळया आणि मैल्याचा पाइप मिळून १५,५००, आणि शेजारच्या घराचं वीज-पाणी व साफसफाई ३,५००. खालच्या छताला १२,००० धरले होते, लागले १४,५००. प्लास्टर अंदाजापेक्षा जास्त काढावं लागलं. सगळं मिळून २,४१,०००. ठरलेल्या रकमेपेक्षा एक हजार जास्त.

शेवटचे १२,००० देण्याआधी, महिन्याने, काकांच्या न्हाणीघरात जाऊन छताला हात लावून पाहिलं. कोरडं होतं. आजी बदलापूरहून आल्या त्या दिवशी दोन-तीनदा दांडा धरून उठून-बसून पाहिलं. मग म्हणाल्या, "हा हलत नाही."

वेगळं काय करता आलं असतं

अनपेक्षित खर्चासाठी अकरा टक्के धरले होते. तीस वर्षांवरच्या इमारतीत, जिथे जुना भराव उकरायचा आहे, तिथे पंधरा टक्के धरायला हवेत. इथे पुरलं, कारण स्लॅबचा एकच कोपरा खराब निघाला. दोन निघाले असते तर नळांच्या दर्जात काटछाट करावी लागली असती, आणि ती चुकीच्या वेळी, दुकानात उभं राहून करावी लागली असती.

कामाच्या काळात कुटुंब कुठे राहणार, अंघोळ कुठे करणार, याची ओळ अंदाजपत्रकात नव्हती. शेजाऱ्यांनी किल्ली दिली म्हणून साडेतीन हजारांत भागलं. महिन्याच्या भाड्याने खोली घ्यावी लागली असती तर ही ओळ टाइल्सपेक्षा मोठी झाली असती. ज्यांच्याकडे एकच संडास आहे त्यांनी ती सर्वांत वर लिहावी.

आजींना मार्चमध्येच विचारायला हवं होतं. तोटीबद्दल त्या बोलल्या तो निव्वळ योग. त्या दिवशी त्या दारात नसत्या तर भारतीय संडासच पुन्हा नवा करून बसवला गेला असता. घरातल्या प्रत्येकाला एकेकट्याने विचारावं, कारण वयस्क माणसं आपल्या अडचणी चारचौघांत सांगत नाहीत, आणि खर्चाची गोष्ट निघाली की तर अजिबातच नाही.

बाहेरच्या पाइपची पाहणी सोसायटीच्या प्लंबरकडून काम सुरू होण्याआधी करून घेता आली असती. तीन दिवस वाचले असते. शिवाय त्याच उभ्या पाइपला पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरची घरंही जोडलेली आहेत आणि त्यांचे सांधे त्याच वयाचे आहेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा असा अर्ज या कुटुंबाने आणि खालच्या काकांनी मिळून दिला आहे.